सत्यनारायणाच्या डबीतली कॅसेट

बसवनगुडी, बेंगळुरू
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

अवधूतअण्णा,

मायना काय लिहावा या विचारात सकाळपासून दोन लोटे कॉफी संपली. तीर्थरूप लिहावं, तर तू माझ्यापेक्षा जेमतेम तीन महिन्यांनी मोठा, आणि आपण एकाच बाकावर बसून एकाच मास्तरांच्या छड्या खाल्लेल्या. नुसतं ‘प्रिय’ लिहावं, तर सुनंदा म्हणते, बायकोच्या थोरल्या भावाला कुणी असं लिहितं का? (तुझ्या बहिणीशी लग्न करून मी एक बायको मिळवली आणि एक मित्र गमावून त्याचा अण्णा करून घेतला.) म्हणून मायन्याची जागा कोरी ठेवली आहे. तुला झेपेल तेवढा मान तूच त्यात घालून घे. गुडघा कसा आहे? सुचेतावहिनी अजून तुला रोज मेथीचं पाणी पाजतात का? त्यांना नमस्कार. धारवाडात एव्हाना थंडी पडली असेल. इकडे आम्ही खुशाल आहोत. कमलाक्का (माझी आत्या, वय वर्षं त्र्याऐंशी, तुला हे सांगायला नको, पण पत्र चुकून शेजारी पडलं तर वाचणाऱ्याचा खोळंबा नको) कालच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि त्यालाच चष्मा बदलायला सांगून आली.

आता मुद्दा. आपल्या बँडचा, म्हणजे ‘अधिकमास’चा, संग्रह निघतो आहे. दचकू नकोस, मी शुद्धीवर आहे. त्र्याण्णव साली अधिक भाद्रपदात आपण तालमी सुरू केल्या, तेव्हा अक्का म्हणाली होती की या महिन्यात नवं काही काढू नये, टिकत नाही. आपण चौघांनी चिडून बँडला तेच नाव दिलं आणि तीन वर्षांत तिला खरं करून दाखवलं. त्या तीन वर्षांत मी बाबांच्या टू-इन-वनवर ज्या तालमी आणि जे कार्यक्रम भरून ठेवले, त्यांचाच हा संग्रह. नंतर कुणी विचारलं नाही म्हणून ही रेकॉर्डिंगं दुर्मिळ, आणि आधीही कुणी विचारलं नव्हतं म्हणून दुर्लक्षित. मात्र काढणाऱ्यांचा नियम असा, की चौघांपैकी एकाचा जरी नकार आला तरी संग्रह निघणार नाही. ड्रम वाजवणाऱ्या दयानंदाचा होकार आला, गिटारवाल्या नागनाथाचा आला, माझा तर कुणी विचारायच्या आधीच होता. राहिलास तू, म्हणजे गाणारा. परवा फोन केला तर तू ‘बघू’ म्हणालास. तुझं ‘बघू’ मला चौथीपासून ठाऊक आहे. ‘बघू’ म्हटलेली एकही गोष्ट तू आजवर बघितलेली नाहीस. म्हणून हे पत्र. पत्राला ‘बघू’ म्हणून खाली ठेवता येत नाही.

झालं ते असं. आमच्या स्मृतीने इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावर. (खाली बघितलं की गरगरतं, म्हणून मी तिथे गेलो की भिंतीकडे तोंड करून बसतो. जावई मला फार गंभीर माणूस समजतो.) कमलाक्काच्या मते सत्यनारायण झाल्याशिवाय त्या जागेला घर म्हणता येत नव्हतं, म्हणून आमच्या भटजींना, भीमाचार्यांना, सांगितलं. साडेनऊची वेळ धरली होती. भीमाचार्य नऊला रिक्षाने फ्लायओव्हरवर चढले आणि तिथेच राहिले. दहा वाजता त्यांचा फोन, की पुढे एक लॉरी आडवी झाली आहे, स्वल्प उशीर होईल. आता या गावात ‘स्वल्प’ म्हणजे किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. शेवटी त्यांनी रिक्षातूनच संकल्प सांगितला, गणपतीपूजन सांगितलं, आणि नैवेद्यापर्यंत आले तोवर त्यांच्या फोनचा जीव गेला. राहिली कथा.

आपल्या लोकांची रीत तुला माहीत आहे. भटजी वेळेवर मिळेल याचा इथे कधीच भरवसा नाही, म्हणून बाबांच्या काळापासून आमच्याकडे कथा कॅसेटवर भरून ठेवलेली असते. अगदीच अडलं की टेप लावायचा आणि हात जोडून बसायचं. (देवाची हरकत आजवर कानावर आलेली नाही.) अक्का घराबाहेर पडते तीच मुळी असं काहीतरी अडेल या आशेने. तिने पिशवीतून टेप काढला, डबी काढली. आमच्या घरात कथेच्या डब्या दोन. नेहमीची कॅसेट यंदाच्या ओलीत बुरशी लागून गेली, म्हणून तिने दुसरी आणली होती. वर माझ्याच अक्षरात ‘श्री सत्यनारायण कथा, अध्याय एक ते पाच’. (त्या अक्षराचा खुलासा पुढे करीन. नाहीतर राहू दे, करत नाही.) मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. लक्ष असतं तर धावत जाऊन त्या टेपवर आडवा पडलो असतो.

आधी स्वल्प खरखर झाली. अक्काने डोळे मिटले. आम्ही वीस-पंचवीस माणसांनी हात जोडले. आणि मग ड्रमचा गडगडाट होऊन तुझी आरोळी आली, ‘वीज गेली रे!’ अय्यो, अण्णा, काय आवाज होता रे तुझा! अकराव्या मजल्यावरच्या काचा थरथरल्या. कुणीही जागचं हललं नाही, कारण कथा अर्धी टाकून उठणाऱ्याचं काय होतं हे कथेतच सांगितलेलं आहे आणि धोका पत्करायला कुणी तयार नव्हतं. जावयाने तर अक्षताही वाहिल्या. पूर्ण एक कडवं आणि त्यानंतरचा नागनाथाचा गिटारवरचा तो कधीच न संपणारा तुकडा असं सगळं झाल्यावर अक्काने एक डोळा उघडला आणि निकाल दिला, की हा काही साधुवाण्याचा भाग नव्हे, पण आवाज चांगला आहे हो, कुणाचा?

उत्तर सुनंदाने दिलं. ती आत शिरा ढवळत होती, ती तशीच कालथा घेऊन दारात आली, ‘आमच्या अण्णाचा’ एवढं म्हणाली आणि तिथेच उभी राहून रडली. चारचौघांत रडणारी नव्हे तुझी बहीण, तुला माहीत आहे. मी तिच्याकडे बघायचं टाळून टेप बंद केला. शिरा खाली लागला, तो तसाच वाटला. (केळं सढळ हाताने घातलं होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. एकाने पुन्हा मागितला.)

त्या वीस-पंचवीस माणसांत स्मृतीची मैत्रीण होती, शाल्मली नावाची. मूळची पुण्याची, इथे येऊन दोन वर्षं झाली, एचएसआर लेआउटमध्ये तिची आणि तिच्या दोन मित्रांची मिळून एक छोटी कंपनी आहे. जुनी, कुणी न ऐकलेली रेकॉर्डिंगं हुडकायची, साफ करायची आणि इंटरनेटवर काढायची, हा त्यांचा धंदा. काही काही तर काळ्या तबकड्यांवरही काढतात. कॅसेट आल्यावर आपण ज्या तबकड्यांवर गरम भांडी ठेवत होतो, त्याच! प्रसाद हातात तसाच धरून ती माझ्याकडे आली. काका, हे अमेझिंग आहे, हे कोण आहेत, हे कुठे अव्हेलेबल आहेत? मी म्हटलं, धारवाडला. बँकेतून रिटायर झालेत, गुडघा दुखतो. यावर ती म्हणाली की काका, तुमचं मराठी किती क्यूट आहे. आता आपलं मराठी या मुलखात साडेतीनशे वर्षं मुक्काम करून आहे, आणि तिचं दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या तिकिटावर आलं. तरी शुद्ध ते तिचं आणि क्यूट ते आपलं. मी ‘सरी, बरं’ म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेलो.

पण पोरगी चिवट निघाली. दुसऱ्याच रविवारी घरी हजर. माळ्यावरची पेटी काढायला लावली, दहा कॅसेटी निघाल्या, त्या आणि डबीतली अकरावी एखाद्या तान्ह्या मुलासारख्या टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. महिन्याभराने आम्हाला ऐकायला बोलावलं. आपण मंगल कार्यालयाच्या कोठीत तालीम करायचो, ते तिला आधी सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्यामुळे पहिल्या कॅसेटवर गाण्याच्या मधोमध कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. दुसरीवर आचारी कुणाला तरी अडीच किलो रवा कुठे गेला म्हणून विचारतो आहे, आणि तू सूर न सोडता हातानेच त्याला दाखवतोस (ते दिसत नाही, पण आचाऱ्याचं ‘हां, सिक्तु’ ऐकू येतं, म्हणजे रवा सापडला). तिसरीत माझी बेस गिटार चालू आहे, पण वेगळंच गाणं वाजवते आहे. मी शरमून शाल्मलीला म्हटलं की हे कापता येईल ना? तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, मी एखाद्या मूर्तीचं नाक कापायला सांगतो आहे. तिच्या मते तीच तर मजा आहे. शिट्ट्या राहणार, रवा राहणार, आणि माझं चुकणं तर खास राहणार, त्याबद्दल ती एक परिच्छेद लिहिणार आहे. आपल्या काळात चुकलं की तू पायावर पाय द्यायचास. आता परिच्छेद लिहितात.

इतरांचं सांगतो. दयानंदाने होकार आधी दिला आणि कशाबद्दल ते नंतर विचारलं. तो आता योगाचे वर्ग घेतो, लोकांना श्वास मोजायला शिकवतो. (ज्या माणसाला चार मात्रा कधी मोजता आल्या नाहीत, त्याच्या हाती लोक आपला श्वास देतात! असो.) नागनाथाची एकच अट, फोटो केस असतानाचा हवा. असा फोटो एकच सापडला, त्यात तो पाठमोरा आहे. तरी चालेल म्हणाला.

राहिली ती सत्यनारायणाच्या डबीतली कॅसेट. ती होसकोटेची आहे, शहाण्णवच्या नोव्हेंबरातली, तिथल्या कारखान्याच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या कार्यक्रमातली. शाल्मलीला संग्रहाची सुरुवात तिनेच करायची आहे. ती म्हणते की बाकीच्या दहा कॅसेटी गंमत म्हणून ऐकाव्यात आणि ही एक गाणं म्हणून. तुझा आवाज असा पुढे, स्वच्छ, आणि वाद्यं बेताने मागे, हे त्या काळात मैदानातल्या कार्यक्रमात कसं काय जमवलंत, म्हणून मला खोदून खोदून विचारते. मी म्हणतो, योगायोग. लोकांचा आवाज कसा काहीच नाही, असं विचारते. मी म्हणतो, होसकोटेची माणसं फार सभ्य. आणि विषय बदलतो.

पण तुझ्यापाशी होसकोटेबद्दल काय बदलणार? चारशे माणसं समोर होती. तू गायला लागलास, ती आधी गप्प बसली, मग हसली, मग रांगेने उठून जेवायला गेली. पाऊण तासात मैदानात खुर्च्या उरल्या आणि एक कुत्रं. तू उतरलास, म्हणालास की माझा आवाज माणसांसाठी नाही, आणि दुसऱ्या महिन्यात बँकेच्या परीक्षेला बसलास. तेव्हापासून तू गायला नाहीस. कुठेच नाही. आरतीलाही तू नुसते ओठ हलवतोस, मी तुझ्या शेजारी उभा राहून पाहिलं आहे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं तू म्हणायची ठरली होती. ऐन वेळी घसा बसला म्हणालास, आणि ती भीमाचार्यांच्या मेव्हण्याने म्हटली, त्यात वराचं नाव चुकवलं. शाल्मलीचा संग्रह निघाला काय, न निघाला काय, मला तसं काही नाही. पण तुझं गाणं लोकांनी ऐकावं आणि ऐकलेलं तुला कळावं, असं मला फार वाटतं. तुझ्यासारखं गाताना मी दुसरं कुणाला ऐकलेलं नाही. हे तोंडावर सांगायची आपल्यात पद्धत नाही म्हणून लिहिलं.

बाकी काही विशेष नाही. वहिनींनी पाठवलेले पेढे पोचले, त्यातले तीन मला मिळाले. अक्काचा तुला आशीर्वाद. सुनंदा स्वतंत्र लिहीन म्हणते, म्हणजे लिहिणार नाही. पत्र पोचल्याचं कळव, आणि कृपा करून ‘बघू’ हा शब्द न वापरता कळव.

तुझा मेहुणा (दाखल्यापुरता) आणि मित्र (त्याच्या आधीपासूनचा),
पद्मनाभ

ता. क. : होकाराचा कागद सोबत जोडला आहे. इंग्रजीत आहे, चार पानं आहेत, वाचायची आवश्यकता नाही, मीही वाचला नाही. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे.

ता. क. दुसरा, गुरुवार : पाकीट बंद करून दोन दिवस झाले आणि मी ते टपालात टाकलेलं नाही. आज सकाळी सुनंदाला एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘मला काय सांगता? अण्णाला सांगा.’ आणि आत गेली. म्हणून पाकीट फोडलं. वरचं सगळं खरं आहे, पण मला लिहायचं होतं ते हे नव्हतं. फॉर्म राहू दे बाजूला.

होसकोटेला कार्यक्रमाच्या आधी तुझ्या माईकची पिन मी भोंगेवाल्याच्या मशीनमधून काढली आणि आपल्या टू-इन-वनमध्ये घातली. कॅसेटवर आवाज नीट भरतो का, एवढंच बघायचं होतं. पुन्हा मशीनला लावायची होती. तेवढ्यात मॅनेजरचं भाषण संपलं, नागनाथाने सुरुवातही केली, मी धावत जाऊन बेस गळ्यात अडकवली आणि पिनेचं विसरलो. भोंगे पुढे तोंड करून, आपण त्यांच्या मागे, पाठीशी दयानंदाचे ड्रम. तिथे कुणाला काय कळणार? तुझा आवाज लोकांना आवडला नाही, असं झालंच नाही, अण्णा. तो त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. पाऊण तास त्यांना एक माणूस तोंड उघडताना आणि मिटताना दिसला. मीसुद्धा उठून जेवायला गेलो असतो.

सामान आवरताना पिन दिसली. तू टेम्पोत पाठ फिरवून बसला होतास. चार पावलं चालून सांगायचं होतं, बस्स. पण आठ दिवसांवर साखरपुडा होता, आणि तू तुझ्या बहिणीचा हात माझ्या हातात दिला नसतास अशी मला भीती वाटली. साखरपुड्यापर्यंत गप्प बसलो, मग लग्नापर्यंत, मग स्मृतीच्या बारशापर्यंत. पुढे पुढे तर पिनेपेक्षा गप्प बसणंच मोठं पाप होऊन बसलं. कॅसेट फेकवेना, कारण तू इतकं चांगलं गायलेलं दुसरीकडे कुठे भरलेलं नाही. म्हणून ज्या डबीला कुणी आपण होऊन हात लावत नाही, तिच्यात ठेवली. माफ कर असं लिहायला हात रेटत नाही. तुझी एकोणतीस वर्षं गेली, आणि मी दर दिवाळीला तुझ्या शेजारी बसून फराळ केला.

ता. क. तिसरा : शाल्मलीला सांगून तिच्याकडची होसकोटेची प्रत पुसायला लावली. माझ्यासमोर पुसली, आणि माझ्याशी तीही आता बेताचंच बोलते. मूळ कॅसेट एकच, ती या पार्सलात आहे. ठेव, जाळ, तुझ्या मर्जीचं कर. सोबत अक्काचा टेप आहे, सेल नवे घातलेत. (ऐकून झालं की परत पाठव, असा तिचा निरोप आहे.) माझं मागणं सहीचं नाही. एकदा ऐक, एवढंच.

दुसऱ्या बाजूला, शेवटच्या गाण्याआधी तू थांबतोस आणि माईकमध्ये विचारतोस, ‘केळिस्तिदेया? ऐकू येतंय का?’ कुणी काही बोलत नाही. दयानंद खोकतो. मग तू पुन्हा विचारतोस, हळू, आणि पुन्हा कुणी काही बोलत नाही. घरात कुणी नसताना मी ती कॅसेट दर वर्षी एकदा लावत आलो आणि दर वर्षी तेवढ्या जागेवर बंद करत आलो.

येतंय, अण्णा. अगदी स्वच्छ ऐकू येतंय.